तीस माणसांच्या कारखान्यात उत्पादकता वाढवायची तर हात कुठे घालायचा?

पेटीवाला, कुंडई

नमस्कार मंडळी.

गोव्यात कुंडई औद्योगिक वसाहतीत आमचा कोरुगेटेड (नालीदार पुठ्ठ्याच्या) पेट्यांचा कारखाना आहे. वडिलांनी उभा केला, आता मी बघतो. थोरला म्हणून गळ्यात पडला म्हणा हवं तर. माणसं तीसेक. तीन प्लाय आणि पाच प्लाय, म्हणजे तीन आणि पाच थरांच्या पेट्या करतो. गिऱ्हाईक म्हणजे वेर्ण्याकडचे औषधवाले, एक-दोन बाटल्या भरणारे आणि सीझनला काजूवाले.

परवा पणजीत उद्योजकांच्या एका कार्यक्रमाला गेलो होतो. दिवसभर नावीन्य, व्यवस्थापन, देशाची उत्पादकता, जागतिक स्पर्धा. जेवण उत्तम होतं. पण सोमवारी सकाळी शटर वर केल्यावर मी नेमकं काय करू, हे एकाही वक्त्याने सांगितलं नाही. म्हणून इथे विचारतोय.

माझी अवस्था अशी. क्राफ्ट पेपरचा, म्हणजे जाड तपकिरी कागदाचा रील येतो, सिंगल फेसर मशीनवर फ्ल्यूट (कागदाच्या नाळ्या) पडते, पेस्टिंग, वाळवण, मग प्रिंटिंग-स्लॉटिंग (छपाई आणि घडीच्या खाचा), शेवटी स्टिचिंग, म्हणजे पेटी तारेने टाचणं. प्रिंटिंग मशीनच्या अलीकडे शीटचे ढीग छातीएवढे उभे, आणि पलीकडे स्टिचिंगच्या बायका दुपारपर्यंत हातावर हात ठेवून बसलेल्या. चारच्या सुमाराला सगळा माल एकदम त्यांच्या अंगावर येतो आणि मग ओव्हरटाइम. त्यात औषध कंपनीच्या पर्चेसमधून फोन, "आज संध्याकाळी गाडी हवीच." चालू जॉब उतरवायचा, दुसरा चढवायचा. स्टिरिओ (छपाईचा ठसा) बदला, शाई धुवा, सेटिंग करा, पाऊण तास गेला. दिवसात असं चार-पाचदा होतं.

वेस्टेज किती, असं विचाराल तर रद्दीवाल्याच्या काट्यावर जे वजन येतं तेच. कुठल्या मशीनवर किती गेलं, कुणालाच माहीत नाही. जूननंतर तर बोलायलाच नको. कागद पाणी ओढतो, पेटी मऊ पडते, थरावर थर ठेवले की खालची बसते आणि माल परत येतो.

माणसांचंही तेच. स्थानिक पोरगा मशीनवर तयार केला की सरकारी नोकरीचा फॉर्म भरून मोकळा. ओडिशाची मुलं कामाला वाघ, पण गावी गेली की कधी परततील सांगता येत नाही. गणेश चवथीच्या आठवड्यात कारखान्यात मी आणि वॉचमन.

आता एक मशीनवाले गृहस्थ नवीन हायस्पीड प्रिंटर-स्लॉटरचं कोटेशन देऊन गेलेत. म्हणतात, उत्पादन दुप्पट. बँक कर्जाला तयार, बाबा म्हणतात घे. माझा हात मात्र सहीसाठी उठत नाहीये. मशीन घेऊ की आधी दुसरं काही करू? आणि हे व्यवस्थापन-बिवस्थापन तीस माणसांच्या जागी खरंच चालतं, की ते मोठ्यांचे खेळ?

टर्नर, बेतोडा

भाऊ, मी लेथवर तीन माणसं घेऊन काम करतो, त्यामुळे माझं बोलणं कडू लागेल.

तुमची-माझी उत्पादकता कारखान्याच्या आत अडलेली नाही, ती दाराबाहेर अडलेली आहे. पैसे वेळेवर येत नाहीत, ही पहिली गोष्ट. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात स्पष्ट लिहिलंय की गिऱ्हाइकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते करायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आजवर एकाने तरी असं व्याज मागून तेच गिऱ्हाईक टिकवलेलं मला दाखवा. २०२३ च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्यात भर घातली, की सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते दिल्याशिवाय खर्च म्हणून दाखवता येणार नाहीत. हेतू चांगलाच होता. त्यावर माझ्या एका गिऱ्हाइकाने सुचवलं, "उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) काढून टाका ना, आम्हालाही सोपं!" घ्या आता नावीन्य.

वीज गेली की स्पिंडल थांबतं, मधेच थांबलेला जॉब बहुतेकदा भंगारात जातो. फोंडा-पणजी रस्त्यावर भोमला गाडी अडकली की ड्रायव्हरचा अर्धा दिवस तिथेच. आपला देश संशोधनावर जीडीपीच्या पाऊण टक्कासुद्धा खर्च करत नाही, दक्षिण कोरियाचा आकडा पाच टक्क्यांच्या जवळ आहे. राष्ट्रीय उत्पादकता परिषद १९५८ सालापासून आहे, दरवर्षी १२ फेब्रुवारीला उत्पादकता दिवस असतो. मोठ्या कंपन्यांच्या गेटवर बॅनर लागतो, आम्ही तो बघत आत डिलिव्हरी देतो.

तेव्हा मशीन घ्या नाहीतर नका घेऊ. पण सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेऊ नका.

निवृत्त शॉपफ्लोर, फोंडा

पेटीवाले, सही करू नका. निदान तीन महिने तरी नाही. आणि टर्नरबाब, तुमचं खोटं नाही, तुमच्याकडे येतो नंतर.

माझे केस कारखान्यांतच पिकले. आधी पुण्याकडे, मग गोव्यात. औषधं, पॅकेजिंग, थोडं फाउंड्रीचं. त्यामुळे सवयीने आधी ढीग बघतो. तुमच्याकडे ढीग प्रिंटिंगच्या अलीकडे आहे, म्हणजे अडचण प्रिंटिंगवर आहे, इथपर्यंत मशीनवाल्याचं बरोबर. पण अडचण मशीनच्या वेगाची आहे का? तुम्हीच लिहिलंय की जॉब बदलायला पाऊण तास लागतो आणि दिवसात चार-पाचदा बदलावा लागतो. म्हणजे तीन-साडेतीन तास मशीन उभंच आहे. आठ तासांच्या पाळीत मशीन चालतं किती? नवीन मशीन दुप्पट वेगाने चाललं तरी उभं राहायच्या वेळात ते जुन्याइतकंच उभं राहणार. फरक एवढाच, की उभ्या मशीनचा हप्ता चालू असेल.

जपानी शिगेओ शिंगो यांनी टोयोटात हजार टनी प्रेसवर काम केलं होतं. डाय (साचा) बदलायला चार तास लागायचे, ते आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणले. १९७० च्या आसपासची गोष्ट. युक्ती ऐकायला अगदी साधी आहे. मशीन थांबल्यावरच करता येतात ती कामं वेगळी काढा, मशीन चालू असताना करता येतात ती वेगळी. आणि दुसऱ्या प्रकारातलं एकही काम मशीन थांबवून करायचं नाही. तुमच्याकडे बघा: पुढच्या जॉबचा स्टिरिओ कुठे आहे, हे जुना जॉब थांबल्यावर शोधायला लागतात ना? शाई तेव्हाच ढवळतात. मंजूर नमुन्याची पेटी ऑफिसच्या कपाटात, आणि किल्ली तुमच्या खिशात. पाना कुणीतरी सिंगल फेसरकडे नेलेला. हे सगळं आधीचा जॉब छापत असताना एका ट्रॉलीवर तयार ठेवता येतं. स्टिरिओ, ढवळून गाळलेली शाई, नमुना, पाने, जॉबकार्ड. त्या ट्रॉलीला एक हेल्पर नेमा आणि फोनवर व्हिडिओ काढून बघा, पाऊण तासात कोण किती चालतं ते. बहुतेक वेळ चालण्यातच गेलेला दिसेल.

दुसरं, कागद. पेटीच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा कागदाचा, आणि तोच तुम्ही रद्दीवाल्याच्या काट्यावर मोजताय! तीन पिंपं घ्या, तीन रंग द्या. एक कोरुगेशनचं, एक प्रिंटिंग-स्लॉटिंगचं, एक स्टिचिंगचं. पाळी संपली की आपल्या काट्यावर वजन करायचं, आकडा ऑपरेटरनेच लिहायचा. रीलच्या कडेची पट्टी मात्र वेगळी बांधा. ती ऑपरेटरची चूक नसते, ती खरेदीची चूक असते. शीटला ९४ सेंटिमीटर रुंदी लागते आणि रील १०० चा असेल, तर सहा टक्के कागद मशीन चालू व्हायच्या आधीच गेला, तो ऑपरेटर कितीही हुशार असो. समजा महिन्याला ५० टन कागद लागतो, तर एक टक्का म्हणजे ५०० किलो. कागदाचा भाव आणि रद्दीचा भाव यांतला फरक त्याला गुणा, मग मशीनच्या हप्त्याशी ताडून बघा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, हे छोट्या जागी चालतं का. आपल्या जवळचंच उदाहरण आहे. २००८ च्या सुमारास तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्यांत निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, स्टॅनफर्ड आणि जागतिक बँकेतली माणसं, एक प्रयोग केला. काही गिरण्यांत सल्लागारांनी महिनाभर नुसती तपासणी केली. बाकीच्यांना त्यानंतर चार महिने हाताला धरून ३८ सवयी लावायचा प्रयत्न केला. दिल्या त्या सवयी, मशीन नव्हे. मशीनची देखभाल ठरलेल्या दिवशी, कापडातल्या दोषांची रोज नोंद आणि त्यावर रोज बैठक, सुताचा साठा लिहून ठेवणं, सुटे भाग लेबल लावून जागच्या जागी. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. निकाल २०१३ मध्ये छापून आले.

आधी का केलं नव्हतं, असं विचारल्यावर मालकांची उत्तरं काय? काहींना असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. बाकीचे म्हणाले, आमचं बरं चाललंय. शिवाय गिरणी किती मोठी होते हे कशावर ठरतं, तर घरात कर्ते पुरुष किती, यावर! बाहेरच्यावर विश्वास नाही, म्हणून जितके मुलगे-भाऊ तितकीच युनिटं. आपल्याकडेही फोंड्यापासून म्हापशापर्यंत हेच चित्र आहे, आणि मुली बी.कॉम., एम.बी.ए. होऊन दुसऱ्यांच्या कंपन्या सांभाळतात. त्याच ब्लूम मंडळींच्या पाहणीत असंही दिसलं होतं की थोरला म्हणून ज्याच्याकडे कारखाना जातो, तिथे व्यवस्थापनाचे गुण सरासरी कमी पडतात. तुम्ही थोरले आहात म्हणून मुद्दाम सांगितलं, राग मानू नका. तुम्ही विचारायला आलात, ते थोरले विचारत नसत.

आणखी एक, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आठ-नऊ वर्षांनी ते लोक परत त्या गिरण्यांत गेले. लावलेल्या सवयींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. जिथे प्लांट मॅनेजर बदलला, जिथे मालकाला वेळ राहिला नाही, तिथे सुटल्या. तरी उरलेल्या निम्म्यांच्या जोरावर या गिरण्या बाकीच्यांच्या पुढेच होत्या, आणि काहींनी त्याच सवयी आपल्या दुसऱ्या युनिटांत नेल्या होत्या. तेव्हा जे काही कराल ते तुमच्या डोक्यात ठेवू नका, भिंतीवर ठेवा. काळा फळा, खडू, रोज सकाळी पाळी सुरू होताना दहा मिनिटं उभ्याने. काल किती शीट ठरल्या, किती निघाल्या, मशीन किती वेळ आणि कशामुळे उभं राहिलं, तीन पिंपांचं वजन किती. तुम्ही चवथीला आठवडाभर गेलात तरी फळा चालला पाहिजे.

पावसाचं: रील जमिनीवर ठेवताय का? लाकडी पॅलेटवर उभे ठेवा, भिंतीपासून हातभर लांब, आणि आधी आलेला आधी वापरा. ओलावा मोजायचं हातात मावणारं यंत्र मिळतं, ते घ्या. रील उतरवतानाच मोजा, गाडी उभी असतानाच. एकदा गाडी गेली की कागद गिरणीवाला म्हणणार, तुमच्या गोव्याच्या हवेनेच भिजला.

टर्नरबाब, तुमचा मुद्दा देशाच्या पातळीवर खराच आहे. चांग-ताई शे आणि पीटर क्लेनो या दोन अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये हिशेब मांडला होता. भारतातल्या कारखान्यांत आहे तेवढंच भांडवल आणि आहेत तीच माणसं अमेरिकेत वाटली जातात तशी वाटली, म्हणजे चांगलं चालवणाऱ्यांकडे जास्त गेली, तर कारखानदारीची उत्पादकता ४० ते ६० टक्क्यांनी वाढेल. नवीन शोध नको, नवीन पैसा नको. चांगला कारखाना वाढत का नाही आणि वाईट बंद का पडत नाही, याची उत्तरं तुम्ही सांगितलीत तीच: उधारी, वीज, रस्ता, कागदपत्रं. पण भोमचा रस्ता होईपर्यंत पाना सापडू नये असं थोडंच आहे?

पेटीवाला, कुंडई

काका, व्हिडिओ काढला. नमुन्याच्या पेटीची किल्ली खरंच माझ्या खिशात होती, तुम्ही काय सीसीटीव्ही लावलाय का आमच्याकडे? ट्रॉली वेल्डरकडे टाकलीय.

पण रीलच्या रुंदीचं अवघड आहे. गिरणीवाले आम्हाला हवी ती रुंदी देत नाहीत, आमची ऑर्डरच तेवढी नसते. शेवटी डीलरकडे जे असेल ते उचलतो.

निवृत्त शॉपफ्लोर, फोंडा

एकट्याची ऑर्डर नसेल. कुंडई, बेतोडा, मडकई मिळून पेट्या करणारे एकटे तुम्हीच आहात का? दोघा-तिघांनी मिळून एका रुंदीचे रील मागवा, गाडी एकच. शेजाऱ्याला आपला भाव कळेल म्हणून कुणी करत नाही. त्याला तो कळलेलाच असतो, डीलर सगळ्यांना सगळं सांगतो.

आणि गिऱ्हाइकाशी बोला. त्यांच्या पेटीची उंची चार-पाच मिलिमीटरने कमी झाली तर शीट रीलमध्ये चपखल बसते, असं बरेचदा निघतं. औषधवाल्यांकडे पॅकेजिंग डेव्हलपमेंटवाला माणूस असतो, पर्चेसवाला नव्हे, त्याला भेटा. त्यांच्याकडे बदल मंजूर व्हायला वेळ लागतो, चेंज कंट्रोलचा कागद फिरतो, पण एकदा झाला की कायमचा. पर्चेसला एवढंच सांगा, पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज शुक्रवारी पाठवा. चुकला तरी चालेल. 'आजच गाडी' पूर्ण थांबणार नाही, पण कमी होईल.

काजूवाली, होंडा

शॉपफ्लोर काकांनी कागदाचं सांगितलं, मी माझ्या काजूचं सांगते, कारण नावीन्य म्हटलं की सगळ्यांना मशीनच आठवतं.

आमच्याकडे सत्तरी तालुक्यातल्या बायका काजू फोडायला आणि सोलायला. वाफवलेली बी कटरवर फोडायची, गर बोर्म्यात (गरम हवेच्या भट्टीत) वाळवायचा, मग साल काढायची, मग प्रतवारी. पैसे किलोवर, सगळीकडे देतात तसे. आता किलोवर पैसे म्हणजे बाई वेगाने काढणार, आणि वेगाने काढलं की गर तुटणार. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावातला फरक तुम्हाला दुकानात दिसतो तेवढाच आम्हालाही दिसतो. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात तीनशेवीसपर्यंत अख्खे गर. ते तुटले की ३२० राहात नाही, तुकडी होते. म्हणजे आम्हीच पैसे देऊन आमचा माल तोडून घेत होतो, अशी सासऱ्यांच्या काळापासूनची रीत.

मी दर बदलला. किलोचा थोडा कमी केला, अख्ख्या गराचा वेगळा लावला. पहिल्या आठवड्यात बायकांनी मला शिव्या घातल्या. त्यात एकजण म्हणाली, "बाये, अख्खो काढूंक दिसूंक जाय मगो!" (अख्खा काढायला दिसायला तरी हवं ना!) आणि तेच खरं होतं. सोलायच्या टेबलावर उजेड पुरेसा नव्हता, ट्यूब होती ती त्यांच्या पाठीमागे, म्हणजे सावली नेमकी ताटावर. ट्यूब समोर आणली, टेबल चार बोटं उंच केलं. पुढे त्यांचीच सूचना आली, की बोर्म्यातून काढलेला गर लगेच सोलायला देऊ नका, थोडा निवू द्या, आणि पावसाळ्यात झाकून ठेवा, नाहीतर साल परत चिकटते. हे काय आम्ही कुठल्या लॅबमध्ये शोधलं? त्यांना आधीपासून माहीत होतं, विचारलं कुणी नव्हतं.

तुमच्या स्टिचिंगच्या बायकांना एकदा विचारा. त्या दुपारपर्यंत बसलेल्या असतात, म्हणजे त्यांनी पूर्ण कारखाना बघितलेला असतो.

ए शिफ्ट

मी ऑपरेटर आहे, प्लास्टिक मोल्डिंगला. कंपनीचं नाव नको. सगळे मालक बोलतायत म्हणून एक ऑपरेटरची बाजू.

आमच्याकडेही फळा आहे. सूचनापेटीपण आहे. माझ्या मित्राने साच्याच्या पाण्याच्या लाइनबद्दल सूचना दिली, सायकल टाइम (एक नग निघायचा वेळ) कमी झाला. त्याला काय मिळालं? सर्टिफिकेट आणि फोटो. आणि पुढच्या महिन्यापासून पूर्ण शिफ्टचं टार्गेट वाढलं. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे त्याच्याशी बोलेनात. तेव्हापासून सूचनापेटीत बिडीची थोटकं सापडतात.

पिंपाचं वजन ऑपरेटरने लिहायचं म्हणता. एक दिवस आकडा जास्त आला आणि सुपरवायझरने सगळ्यांसमोर झापलं, की दुसऱ्या दिवसापासून वजन बरोबर येणार बघा. कागद दुसऱ्याच्या पिंपात जाईल, नाहीतर कुंपणापलीकडे. आम्हाला हे सगळं येतं.

आणि पोरं सरकारी नोकरीला जातात म्हणून तक्रार करता. कॉन्ट्रॅक्टवर दरवर्षी ब्रेक देऊन परत घेता, मग फॉर्म भरणार नाही तर काय? माझाही भरलेला आहे.

निवृत्त शॉपफ्लोर, फोंडा

ए शिफ्ट, तुमची पोस्ट पेटीवाल्यांनी छापून ऑफिसात लावावी.

जपानने १९५५ मध्ये उत्पादकता केंद्र काढलं तेव्हा आधी तीन तत्त्वं ठरवली. उत्पादकता वाढली म्हणून माणसं कमी करायची नाहीत, उलट रोजगार वाढला पाहिजे. कशी वाढवायची ते मालक-कामगारांनी मिळून ठरवायचं. आणि फळ मालक, कामगार, गिऱ्हाईक तिघांत न्याय्य वाटायचं. आपण त्यांच्याकडून फाइव्ह-एस (जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत) उचललं, कानबान (लागेल तेव्हाच माल मागवायची चिठ्ठी) उचललं, झाडू मारायच्या वेळा उचलल्या. ही तीन तत्त्वं बंदरातच राहिली. सगळ्यांनीच नव्हे म्हणा. चेन्नईकडच्या सुंदरम-क्लेटनने १९९८ मध्ये जपानचा गुणवत्तेचा डेमिंग पुरस्कार मिळवला, भारतातली पहिली कंपनी, आणि तो काही झाडू मारून मिळत नाही.

पेटीवाले, तेव्हा पिंपं ठेवायच्या आधी वाटणीचं सूत्र भिंतीवर लावा. मोजणीचा पहिला महिना नुसती नोंद, कुणाला एक शब्द बोलायचा नाही. तो आकडा पाया धरायचा. त्यापेक्षा जितका कागद वाचेल त्याच्या किमतीचा ठरलेला हिस्सा पगाराबरोबर सगळ्यांना, हेल्परपासून. पाया वर्षभर हलवायचा नाही. हे शेवटचं वाक्य सही करून लावा, कारण तुमच्या बाबांना तो तिसऱ्या महिन्यात हलवावासा वाटणार.

सरकारी योजनेचं कुणीतरी खासगीत विचारलंय. केंद्राची एमएसएमई लीन (कारखान्यात वाया जाणारं कमी करायची) योजना मार्च २०२३ पासून नव्या रूपात आहे, बेसिक, इंटरमीडिएट, अॅडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या. वरच्या पायऱ्यांना सल्लागाराच्या खर्चातला ९० टक्के वाटा सरकार उचलतं. उद्यम नोंदणी लागते, म्हणून टर्नरबाब, ती काढून टाकू नका. पण सल्लागार यायच्या आधी तीन महिन्यांचे स्वतःचे आकडे हातात असू द्या. नाहीतर तो येऊन जमिनीवर पिवळे पट्टे मारून जाईल.

टर्नर, बेतोडा

नोंदणी काढलेली नाही, गिऱ्हाईकच काढलं.

पेटीवाले, ट्रॉलीला चाकं कुठली लावलीत? जमिनीवर कागदाचा भुसा असतो तिथे साधी रबरी चाकं जाम होतात. नायलॉनची घ्या, बेअरिंगवाली. नसतील तर माझ्याकडे शाफ्ट आणि बुश करून देतो.

पेटीवाला, कुंडई

चाकं रबरी लावली होती, जाम झाली. उद्या येतो तुमच्याकडे.

मशीनवाल्याला सांगितलं, दिवाळीनंतर बघू. बाबा रुसलेत. सूत्र भिंतीवर लावलं, वाचलेल्या कागदाचा तिसरा हिस्सा कामगारांचा. बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि काही न बोलता चहा प्यायला गेले, म्हणजे निम्मी संमती.

ताई, स्टिचिंगच्या बायकांना विचारलं. म्हणाल्या, सकाळी रिकाम्या असतो तेव्हा आम्हाला प्रिंटिंगला शीट लावायला द्या, तिथे एक माणूस कमी पडतो म्हणून मशीन हळू चालवतात. हे मला प्रिंटिंगवाल्याने कधी सांगितलं नव्हतं. सुरू केलंय. चार वाजताची गर्दी कमी झालीय. बंद झालीय असं म्हणणार नाही, कारण काल औषधवाल्यांचा फोन आलाच.

आता तातडीचं. पाऊस तोंडावर आलाय, रीलसाठी पॅलेट हवेत, साठेक तरी. नवीन परवडत नाहीत. जुने कुठे मिळतील?

काजूवाली, होंडा

आयात मालाबरोबर आलेले पॅलेट मोठ्या कंपन्या भंगारात काढतात, भंगारवाल्याला आधी सांगून ठेवावं लागतं. 'एचटी' शिक्का असलेले बघून घ्या, ते उष्णता देऊन कीड मारलेले असतात. तरी वाळवी तपासा, पायावर टाचणी टोचून. आत गेली तर नको.

माझ्याकडे वीसेक पडून आहेत, एक-दोन फळ्या बदलाव्या लागतील. होंड्याला येऊन घेऊन जा, रविवार सोडून.

पेटीवाला, कुंडई

ताई, येतो शुक्रवारी. पिकअपमध्ये वीस मावतील ना, की ४०७ ट्रक आणू?

काजूवाली, होंडा

४०७ आणा. आणि येताना माझ्या दहा किलोच्या पेटीचे नमुने आणा, पाच प्लाय. सध्याचा पेटीवाला पावसात दगा देतो.